हिरव्या वांग्याची बिजवाई

ईरा, तुझ्या वर्गात माझं पहिलं पुस्तक वाचून दाखवलं आणि एका मुलीने हात वर करून विचारलं, की या आजीने वांग्याला चुकीचा रंग का दिला, असं तू गेल्या रविवारी फोनवर सांगितलंस. तू जरा रागावलेली दिसलीस. त्या मुलीवर की माझ्यावर, ते काही मला स्क्रीनवर नीट कळलं नाही. मागून नील ओरडत होता, "आजी, एगप्लांट पर्पल असतं, पर्पल!" प्रश्न चांगला आहे. त्याचं उत्तर मात्र लांबलचक आहे आणि रविवारच्या वीस मिनिटांत बसणारं नाही, म्हणून तुमच्यासाठी लिहीत असलेल्या माझ्या आठवणींतलं हे प्रकरण मी मधेच लिहायला घेतलं आहे. खरं तर याआधी माझ्या शाळेचं प्रकरण यायला हवं. ते लिहून झालं की मी पानांचे आकडे बदलीन. तुमचा बाबा तुम्हाला हे वाचून दाखवेल. वऱ्हाडी बोलणं आलं की त्याने ते वऱ्हाडीतच वाचावं, त्याला येतं.

आमचा मळा कारंज्याच्या थोडा बाहेर होता. घर म्हणजे मातीच्या भिंतींच्या दोन खोल्या आणि पुढे ओसरी, पण आम्ही घरात फक्त झोपायचो. बाकी सगळं आयुष्य वाफ्यांच्या मधल्या वाटांवर चालायचं. पहाटे विहिरीवरचं तेलाचं इंजिन सुरू व्हायचं. त्याची फुक् फुक् ऐकून मला जाग यायची आणि ते बंद पडलं की घरातले सगळे बोलता बोलता थांबून कान द्यायचे. मग पाटाचं पाणी वाफ्यात शिरायचं, त्याला कोरड्या मातीचा एक बारीक चुरचुर आवाज असतो. बाबा भाजीच्या टोपल्या सायकलला बांधून बाजारात निघाले की माझी आई, आम्ही तिला माय म्हणायचो, चुलीपुढे बसायची. ज्वारीची भाकर, तुरीचं घट्ट वरण, पाट्यावर वाटलेला मिरचीचा ठेचा, आणि मळ्यात जे जास्त झालं असेल त्याची भाजी. भेंडी जास्त झाली की आठ दिवस भेंडी. मी कुरकुर केली तर माय म्हणायची, "भेंडीले सांग, कमी येत जाय म्हना." तिकडे तुमच्या फ्रीजमध्ये बारा महिने सगळं असतं हे मला आवडतं, पण एखादी भाजी संपून गेल्याचं आणि वर्षाने परत आल्याचं सुख तुम्हाला कसं समजावून सांगू, ते मला कळत नाही.

मायला अक्षर येत नव्हतं. तिची कीर्ती होती ती बिजवाईची. बिजवाई म्हणजे पुढच्या वर्षी पेरायला राखून ठेवलेलं बी. प्रत्येक वाफ्यातलं सगळ्यात चांगलं फळ ती तोडू देत नसे. त्याला चिंधी बांधून झाडावरच पिकवायची, मग बी काढायचं, धुवायचं, राखेत घोळून सावलीत वाळवायचं. हे सगळं बी जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांत बांधून कोठीत जायचं. हिरव्या तुकड्यात हिरवं वांगं, तांबड्यात मिरची, पिवळ्यात दोडका. त्या पुरचुंड्या हेच तिचं पुस्तक होतं. आणि त्यातलं सगळ्यात मोलाचं पान म्हणजे भरताचं हिरवं वांगं. नारळाएवढं मोठं, फिकट हिरवं, अंगावर पांढरे पट्टे. तुराट्यांच्या जाळावर ते भाजलं की साल फटाफट फुटायची आणि आतला गर लोण्यासारखा निघायचा. त्यात हिरवी मिरची, कांद्याची पात, शेंगदाणे आणि वरून जवसाचं तेल. दुसरं होतं काटेरी वांगं, लहानसं, जांभळं, रश्श्यासाठी. या दोन्हींचं बी शेजारी शेजारी ठेवलं तर मायलाही ओळखू येत नसे. ते फक्त लुगड्याच्या रंगाला माहीत असायचं.

दरवर्षी आखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, ओळखीपाळखीच्या बायका आमच्या ओसरीवर यायच्या. माय त्यांना पन्हं द्यायची आणि निघताना भरताच्या वांग्याचं चिमूटभर बी. त्या वर्षी येणाऱ्यांत माझी मोठी बहीण इंदूताईही होती. तिचं लग्न होऊन ती आसेगावला सासरी गेली होती आणि पहिल्या आखजीला माहेरी आली होती. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची होते आणि माझ्याकडे जगातली सगळ्यात सुंदर वस्तू होती. सुंदर हस्ताक्षरासाठी शाळेने दिलेली रंगाची पत्र्याची पेटी. तिच्यात सहा वड्या होत्या, त्यातली जांभळी इतकी देखणी की मी पेटी उघडून ती नुसती बघायचे.

मीच मायला म्हटलं, की चिंध्यांत काय बी देतेस, मी कागदाच्या पुड्या करते आणि त्यावर चित्र काढते. माय खूश झाली. तिने मला दोन पुरचुंड्या दिल्या आणि सांगितलं, "सात पुड्या भरताच्या, बायाइले द्याले. सात काट्याच्या, आपल्या वाफ्यासाठी. असं चित्र काढ का आंधयीलेबी समजलं पायजे." मी दोन दिवस बसून चौदा पुड्या केल्या. आता नीट ऐका, कारण चूक इथे झाली. शाळेच्या भिंतीवर भाज्यांचा तक्ता होता आणि त्यात वांगं जांभळं होतं. मी जन्मापासून हिरवी वांगी तोडत होते, भाजत होते, खात होते. तरी कागदावर वांगं काढायची वेळ आली तेव्हा मला ते जांभळंच वाटलं. छापलेलं खरं आणि आमच्या मळ्यातलं आपलं घरगुती, असं काहीसं माझ्या डोक्यात असावं. शिवाय ती वडी. लहान-मोठं करून फरक दाखवावा असं मनात होतं, पण चित्रकलेचे गुरुजी सांगायचे की चित्र कागद भरून काढावं, म्हणून लहान वांगीही मी कागद भरून काढली. शेवटी चौदाच्या चौदा पुड्यांवर एकसारखं मोठं, जांभळं, चकचकीत वांगं होतं. मला ते दोष म्हणून दिसलं नाही, फार नीटनेटकं दिसलं. सुपात मी त्यांच्या दोन ओळी लावल्या, उजवी भरताची, डावी काट्याची. मला माहीत होतं ना कोणती कोणती, तेवढं पुरे.

आखजीला दुपारी बायका आल्या. माय आत पुरणाच्या पोळ्या लाटत होती. शेजारच्या मळ्यातल्या मंजुळाबाईंनी सूप उचललं आणि त्या आत मायला ओरडल्या, "अवो पारबताबाई, हे पोरगी हाय का छापखाना? पाय तं, वांग्यावर उजेड पडून राह्यला!" मग सूप या हातातून त्या हातात फिरलं. प्रत्येकीने पुड्या उचलल्या, वास घेतला, एकमेकींना दाखवल्या. सूप माझ्याकडे परत आलं तेव्हा त्यात चौदा पुड्यांचा नुसता ढीग होता. तेवढ्यात आतून मायचा आवाज, "कुसमे, भरताचे कोनते वं? मंजुळाबाईले उशीर होऊन राह्यला, देऊन टाक!" सगळ्या माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या. ताई तर अशी बघत होती जणू मी तिचीच मुलगी आहे. "माय, हे चुकलं," एवढंच म्हणायचं होतं. मी ढिगातल्या वरच्या सात पुड्या उचलल्या आणि म्हटलं, "हे." मग एकेक करून वाटूनही टाकल्या. जाताना ताई म्हणाली, "आत्याबाईले सांगून ठेवलं म्या, चंपाषष्ठीले माह्या मायच्या वांग्याचं भरीत. सारी गल्ली येईन जेवाले." आत्याबाई म्हणजे तिची सासू. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्यांचा नैवेद्य असतो आणि नव्या सुनेचा तो सासरच्या गल्लीपुढे पहिला शब्द होता. तो शब्द माझ्या जांभळ्या पुडीत बांधून ती एसटीत बसली.

पुढचे दोन महिने मी गप्प होते. आता इतक्या वर्षांनी त्याचं मला नवल वाटतं, कारण मी काही खोटारडी मुलगी नव्हते. पण रोज सकाळी वाटायचं, आज सांगू, आणि संध्याकाळपर्यंत वाटायचं, कदाचित बरोबरच गेल्या असतील. पुड्या सात आणि पुड्या सात.

पाऊस लागल्यावर मायने काट्याचा म्हणून जो वाफा पेरला होता, त्यात रोपं वीतभर झाली. एक दिवस शाळेतून आले तर ती वाफ्याशी उकिडवी बसली होती. "कुसमे, इकडं ये. हे कायचं रोप हाय?"

"वांग्याचं."

"कोन्या वांग्याचं?"

"काट्याच्या."

"मंग याचं खोड हिरवं काहून?"

मी बघितलं. जांभळ्या वांग्याच्या रोपाचं खोड लहानपणापासूनच जांभळट असतं, हिरव्याचं हिरवं. हे मायला डोळे मिटून माहीत होतं आणि माझ्या लक्षात कधी आलं नव्हतं. वाफ्यात सात ओळी होत्या, प्रत्येक पुडीची एक. त्यातल्या चार हिरव्या होत्या. म्हणजे बाहेर चार जणींकडे काटेरी बी गेलं होतं. कोणत्या चार, ते कुणालाच माहीत नव्हतं.

"तुले तवाच माईत होतं?" मायने विचारलं. मी मान हलवली. "मंग बोलली काहून नाई?"

"सगळ्या चित्र पाहून राह्यल्या होत्या."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने ते वाक्य फक्त एकदा स्वतःशी म्हटलं, "चित्र पाहून राह्यल्या होत्या," आणि हिरव्या खोडाची रोपं उपटायला लागली. मुळांची माती न सांडता, ओल्या पोत्यात, सात जुड्या. बाबा म्हणाले, "अवो, चार वांग्याइपायी गावोगाव फिरता काय आता?" माय म्हणाली, "वांगे त्याइच्या घरी, पन नाव तं आपल्याच घरचं हाय." मग माझ्याकडे वळून, "मी संग येईन. पन सांगशीन तू. अन् थे रंगाची पेटी घे बरोबर."

पेटी कशाला, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. मला वाटलं, शेवटच्या घरी ती पेटी कुणाच्या तरी मुलाला देऊन टाकणार. दोन दिवस फिरलो आम्ही, आणि दोन्ही दिवस ती पेटी माझ्या पिशवीत विटेसारखी जड होती.

मंजुळाबाईंकडे मी तोंड उघडलं आणि आधी रडूच आलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि पोट धरून हसल्या. "बापा बापा! मले वाटलं माहे डोयेच गेले. रोज सकाळी पायतो तं खोड जांभयं. म्या तं कोनाले सांगतलंबी नाई, म्हनतीन बुढी झाली!" आमच्याकडे निंदणीला येणाऱ्या कौसाबाई गावाच्या बौद्ध वस्तीत राहायच्या. त्यांनी घरामागे रोपं लावली होती. त्या म्हणाल्या, "माहे तं बकरीनं खाल्ले वं. बकरीले काय, हिरवं का जांभयं." आणि मायच्या हातातली जुडी घेऊन मला गूळ-शेंगदाणे दिले. एकीने मात्र रोपं घेतली पण पाणी विचारलं नाही, आणि आम्ही निघालो तेव्हा शेजारणीला मोठ्याने म्हणाली, "पोरीले रंग देल्ले अन् अक्कल नाई देल्ली." मायने माझा हात घट्ट धरला.

दुसऱ्या दिवशी, मधे एकदा गाडी बदलून, एसटीने आसेगाव. ताईची सासू अंगणात तूर निवडत बसली होती. ठेंगणी, गोल, आवाज मात्र बाजारभर पोचेल असा. "या या इहीनबाई! पान्यापावसाचं काय काम काढलं?" ताई तांब्या घेऊन बाहेर आली. तिने पोत्यातून डोकावणारी रोपं बघितली आणि तिचा चेहरा उतरला. मला तेव्हाच कळलं, की त्या चारांतली एक पुडी हिच्याकडे आली आहे आणि हिला ते ठाऊक आहे.

मी उभी राहून सगळं सांगितलं. तक्ता, वडी, सूप, "हे" म्हटलं ते. सासूबाईंनी तुरीचं सूप खाली ठेवलं.

"म्हंजे माह्या सुनेनं साऱ्या गल्लीले आवतन देल्लं, अन् वांगे निंगाले काटेरी?"

"व्हय."

"तुह्या शायेत वांगं जांभयं असते काय वं?"

"तक्त्यात असते."

"अन् तुह्या वावरात?"

"हिरवं."

"मंग तक्ता दिसला, अन् वावर नाई दिसलं?"

मग ताई हळूच म्हणाली, "आत्याबाई, मले तीन आठवड्यापासून माईत हाय. म्याच नाई सांगतलं. माहेरचं नाव जाईन म्हनून." सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या, मग मायकडे, मग माझ्याकडे. "पाहा पारबताबाई," त्या म्हणाल्या, "तुमच्या दोन्ही पोरी मुक्या. एक मुकी तुमच्यापाशी, एक मुकी माह्यापाशी!" आणि अशा हसल्या की दारातली कोंबडी उडाली. ताईने मला मागच्या वाफ्यापाशी ओढत नेलं, दंडाला करकचून चिमटा काढला आणि म्हणाली, "बयताड! तीन आठवडे मी जांभया खोडाले पानी घालून राह्यली, का उद्या तरी हिरवं होईन!" मग आम्ही दोघी तिथेच चिखलात बसून रडलो की हसलो, ते आठवत नाही. ताईला विचारलं तर ती म्हणते, तूच रडलीस, मी नाही.

रोपं बदलून झाल्यावर सासूबाई मायला म्हणाल्या, "तुमी वळखता खोडावरून. उद्या तुमी नसान तं मी कशी वळखू?" मायने माझ्याकडे बघितलं. "कुसमे, पेटी काढ." मी ती काढून दोन्ही हातांनी पुढे केली, घेऊन टाका म्हणून. तिने ती घेतली नाही. माझ्यापुढे एक हिरव्या खोडाचं आणि एक जांभळ्या खोडाचं रोप ठेवलं आणि म्हणाली, "काढ. पाहून काढ."

जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मी ते चित्र काढलं. सासूबाई सगळा वेळ दोन्ही रोपं हातात धरून बसल्या, हात अवघडला तरी हलल्या नाहीत. इतके दिवस मी वांग्याच्या रोपांत वावरत होते, पण त्याच्या खोडावर बारीक लव असते, पानाच्या मागची शीर खोडाच्याच रंगाची असते, हे मला त्या दिवशी दिसलं. माझ्या पेटीतली हिरवी वडी तोवर जवळजवळ कोरी होती. सासूबाईंनी ते चित्र भाताच्या शिताने बिजवाईच्या कोठीला चिकटवलं. पुढे कित्येक वर्षं ते तिथे होतं, धुराने पार काळवंडेपर्यंत. माझं पहिलं प्रकाशन तेच, असं मी मानते. चंपाषष्ठीला आम्ही सगळे आसेगावला जेवलो. सासूबाई पंगतीत प्रत्येकाला भरीत वाढताना सांगत होत्या, "इंदूच्या मायची बिजवाई हाय, खाऊन पाय," आणि पुड्यांची गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही. मला मात्र त्यांनी तीनदा वाढलं.

यानंतर मी शिकले, इंग्रजी घेऊन पदवीधर झाले, तुमच्या आजोबांशी लग्न करून कॅनडाला गेले, आणि तिथल्या लांब हिवाळ्यात तुमच्या बाबासाठी घरीच चित्रांची पुस्तकं करायला लागले. ते सगळं, आणि इकडे परत कशी आले तेही, पुढे सविस्तर येईल. इथे एवढंच सांगते, की माझं पहिलं पुस्तक एका छोट्या प्रकाशनाने घेतलं, तेव्हा संपादकबाईंनी अतिशय प्रेमाने सुचवलं की वांगं जांभळं करू या, इथल्या मुलांना तेच ओळखीचं आहे. त्या देशात मी नवखी होते. हो म्हणणं सोपं होतं, आणि नाही म्हटलं तर पुस्तक जाईल असंही वाटत होतं. मी दोन दिवस मागून घेतले. घरी येऊन रंग कालवला, ब्रश जांभळ्यात बुडवला सुद्धा. तेव्हा समोर बसलेल्या बायका दिसल्या, सूप या हातातून त्या हातात जाताना दिसलं, आणि आतून मायने विचारलं, भरताचे कोनते वं? मी ब्रश धुतला. संपादकबाईंना पत्र लिहिलं, की हे वांगं हिरवंच आहे, आणि हवं तर शेजारच्या पानावर मी जांभळं देते, पण त्याचं खोडही जांभळं राहील. त्यांनी दोन्ही पानं ठेवली. ईरा, तुझ्या वर्गमैत्रिणीला सांग, रंग चुकला नाही. एकदा चुकला होता, पण त्याची दुरुस्ती आसेगावच्या कोठीवर छापली गेली.

बी टपालाने तिकडे पाठवायला परवानगी नसते, म्हणून पाठवत नाही. तुम्ही डिसेंबरमध्ये येणार, तेव्हा माझ्या टेबलाच्या दुसऱ्या खणात, डाव्या बाजूला, दोन पुड्या असतील. एकीत भरताचं, एकीत काटेरी. ताईने आसेगावहून दिलेलं बी आहे, मायच्याच वांग्यापासून चालत आलेलं. दोन्हींवर चित्राची जागा मी कोरी ठेवली आहे आणि कोणती कोणती ते मीही लिहून ठेवलेलं नाही. आल्या दिवशी आपण अंगणातल्या वाफ्यात पेरू. तुमच्या तीन आठवड्यांत वांगं धरणार नाही, पण खोडाचा रंग दिसेल, तेव्हा पाहून काढा. तोवर कुणी विचारलं, भरताचं कोणतं, तर माहीत नाही म्हणून सांगा.